पुलगावची पुल रिक्वेस्ट

जून लागला की आमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, मांगच्या साली म्या कोणतं बियाणं नेलं होतं?" विचारणारे नाचणगावचे, गुंजखेड्याचे, विरूळचे शेतकरी. कपाशीच्या वाणांची नावं इंग्रजीत, शिवाय मागे आकडे चिकटवलेले. ती कोणाच्या लक्षात राहणार? बिलं आणि साठा रजिस्टर कृषी खात्यासाठी असतातच, पण त्यात "याच्या काळ्या जमिनीत हे वाण दबलं" असं लिहायला रकाना नसतो. वडील ते लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली, तेव्हा कोणी कधी काय फवारलं होतं ते त्या वह्यांमध्ये शोधताना आमच्या नाकी नऊ आले. त्यानंतर मी नोंदी मोबाइलवर नेल्या.

मोबाइलवर गेल्यावर वेगळीच काळजी लागली. उधारी मागताना माणूस कारण सांगतो. घरातलं आजारपण, लेकीचं लग्न, भावाशी चाललेला वाद, सगळं माझ्या नोंदीत येतं. ते दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर, कुठल्याशा देशात पडून राहावं हे मला पटेना. शिवाय फुकटच्या सेवांचा भरवसा नाही. गूगलची 'नोटबुक' 2012 साली बंद झाली. एव्हरनोटनं 2023 च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदींची मर्यादा घातली. पन्नास नोंदी तर आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या पावसात होतात.

म्हणून मी 'सेल्फ-होस्टेड' प्रकाराकडे वळलो. म्हणजे काय, तर नोंदींचं सॉफ्टवेअर आपल्याच यंत्रावर चालवायचं. दुकानात एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं आणि 'मेमोज' नावाचं अ‍ॅप बसवलं. दुकानाच्या वायफायवर असलेल्या कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे 5230 हा पोर्ट क्रमांक टाकला की नोंदींचं पान उघडतं. लिहिलेला सगळा मजकूर एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसच्या एका फायलीत राहतो. रात्री ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो. लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम निभतं. यात फुकट फक्त सॉफ्टवेअर आहे. बॅकअप घेतला नाही आणि डिस्क गेली, तर रडायला आपण एकटेच.

हे अ‍ॅप मुक्तस्रोत आहे, एमआयटी परवान्याखाली. त्याचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा. बदल चांगला असेल तर तो मूळ प्रकल्पाला देऊ करावा. या देऊ करण्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. पुलगावच्या माणसानं यावर एक कोटी केली नाही तर पाप लागेल, म्हणून शीर्षकातच उरकून घेतली.

मेमोजमध्ये मराठीची फाईल माझ्या आधीच कोणीतरी सुरू केलेली होती. अशा फायलीत डाव्या बाजूला बटणाचं सांकेतिक नाव असतं, उजवीकडे मराठी मजकूर. जिथे मराठी नसेल तिथे पडद्यावर इंग्रजी दिसतं. मोकळ्या जागा भरायला प्रोग्रामिंग लागत नाही. अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम जागचे हलवायचे नाहीत, एवढं भान पुरतं. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात, त्यातही काही वाईट नाही.

मी खरा गुंतलो तो शोधाच्या भानगडीत, वेगळ्या एका अ‍ॅपमध्ये. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्यात 'माल' शोधला की माल कधी उतरला ते सापडे, पण सोबत कोणाच्या घरी मूल झालं, कोणी जमिनीचं मोल विचारलं, कोण किती मैल चालत आलं, असंही सगळं वर येई. आधी वाटलं, अ‍ॅप हुशारी करतंय.

कारण मजेशीर निघालं. ते अ‍ॅपही एसक्यूलाइटवरच चालतं. हा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्याच्या 'एफटीएस5' या शोधयंत्रणेत मजकुराचे शब्द पाडणारा एक भाग असतो, 'युनिकोड61'. शब्द म्हणजे अक्षरं आणि अंक, बाकी सगळं म्हणजे मधली मोकळी जागा, असं तो मूळ मांडणीत धरून चालतो. आणि युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. म्हणजे त्याच्या लेखी 'मूल' हा 'म' आणि 'ल' असे दोन तुकडे. माल, मोल, मैल यांचेही तेच दोन. 'पुलगाव'चे होतात 'प', 'लग' आणि 'व'. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही गोष्ट आयुष्यात कधी दिसणार नाही. ती दिसायला मराठीत खरोखर नोंदी ठेवणारा माणूस लागतो, आणि तसे आपण ढिगानं आहोत.

दुरुस्ती एका ओळीची आहे. कोणत्या वर्गातली चिन्हं शब्दात धरायची हे त्या भागाला सांगता येतं. त्यात चिन्हांचे वर्गही जोडायचे. मात्र शोधाची जुनी अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही, ती नव्यानं बांधावी लागते. हे कागदपत्रात लिहिलेलं असतं, वाचलं तर कळतं.

हे झाल्यावर 'शेतकऱ्याला' हा शब्द अडला. आमच्या व्यवसायात याच्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकासाठी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत. माझ्या मोबाइलच्या कीबोर्डवरून लिहिलेला 'शेतकऱ्याला' दुकानातल्या संगणकावरून शोधला तर सापडत नव्हता, तो यामुळे. उपाय असा, की साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यायचं.

हे मी लिहून पाठवलं ते माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. अ‍ॅप सांभाळणाऱ्यांना इंग्रजीशी घेणं नसतं. तीन गोष्टी हव्या असतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी मूल आणि माल दोन्ही देवनागरीत दिले, शेजारी प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक. देवनागरी न वाचणाऱ्या माणसालाही तेवढ्यावरून चूक आपल्या यंत्रावर घडवून पाहता येते. मग त्यांनी चाचणी मागितली. चाचणी म्हणजे कोडसोबत ठेवलेली छोटी तपासणी: 'माल' शोधल्यावर 'मूल' असलेली नोंद येता कामा नये. पुढे कोणी कुठेही हात घातला आणि हे बिघडलं तर यंत्र स्वतःच ओरडतं. माझ्या मते दुरुस्तीपेक्षा ही चाचणीच जास्त मोलाची, कारण मी काय जन्मभर तिथे पहारा देणार नाही. हिंदी आणि नेपाळी लिहिणाऱ्यांचंही काम त्यात होऊन जातं.

"पैसे किती भेटतात?" असं बाजूचा मेडिकलवाला विचारतो. काही नाही भेटत. पण नोंदींच्याच 'ट्रिलियम' या अ‍ॅपचं मला फार कौतुक वाटतं. जानेवारी 2024 मध्ये त्याच्या मूळ लेखकानं नवं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं असतं तर वापरणाऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला असता. कोड खुला असल्यानं इतर लोकांनी तो उचलून 'ट्रिलियमनेक्स्ट' नावानं पुढे चालवला. आमच्या गावच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले एक काकाजी दुकानात बसायला येतात, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग मालक कोण याचा?" अजून समजावतोच आहे.

सध्या अंकांवर घोडं अडलं आहे. वडील अजूनही '२ पोती' लिहितात, मी '2 पोती'. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या शोधात येत नाही. दोन्ही अंक एक मानावेत असं मी सुचवलं. त्यावर आक्षेप असा, की मग अरबी, बंगाली, थाई अंकांचंही तसंच करावं लागेल आणि शोध मंदावेल. आक्षेपात दम आहे, पण फरक किती पडतो ते मोजून पाहिल्याशिवाय मी माघार घेणार नाही. मोजणी पेरणीची गर्दी ओसरल्यावर.