आरोग्यचिंतन, लेखांक सातवा : भौतिकोपचाराचा पहिला दिवस

गेल्या लेखांकात अस्थिभंगानंतर प्लास्टर किती मुदत ठेवावे लागते याचा विचार केला; ते उतरल्यावर ताठरलेला सांधा घेऊन रुग्ण ज्या दालनात पाठविला जातो, त्या भौतिकोपचाराकडे आज वळावयाचे आहे. कोल्हापुरात हाडवैद्याचा लेप आणि तालमीतले अंग रगडणे यांची परंपरा इतकी जुनी व इतक्या विश्वासाची आहे की, फिजिओथेरपी म्हणजे यंत्राने केलेली मालीशच होय, असे गृहीत धरून पुष्कळ मंडळी तेथे दाखल होतात आणि पहिल्याच दिवशी हिरमुसतात. कारण त्या दिवशी बहुतेक वेळ विचारपूस आणि मोजमाप यांतच जातो.

दुखणे केव्हा जडले, रात्री झोप मोडते काय, जिना चढताना त्रास अधिक होतो की उतरताना, दिवसभराचे काम उसाच्या फडातले की दुकानाच्या गादीवरचे, याची सविस्तर हकीकत विचारली जाते. मग सांधा किती अंशांपर्यंत वाकतो हे कोनमापकाने मोजतात व स्नायूंचे बळ ० ते ५ या श्रेणीत नोंदवितात. हा तपशील दप्तरी नसेल, तर महिन्याभराने सुधारणा झाली की नाही, याला पुरावा कोणता? मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली असल्यास शेकाने कातडी भाजली तरी कळत नाही, आणि हृदयाशी पेसमेकर बसविला असल्यास विद्युत्प्रवाहाचे काही उपचार वर्ज्य ठरतात; म्हणून या दोन गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

शेक, मेणाचे लेपन, विद्युत्प्रवाह यांनी वेदना काही काळ शमते व व्यायामाची वाट मोकळी होते, एवढेच त्यांचे कार्य. केवळ यंत्राखाली पडून राहून घरी परतणाऱ्याचा पैसा व वेळ बहुतांशी वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वस्ताद डाव दाखवितो, पण जोर-बैठकांची मेहनत पठ्ठ्यालाच करावी लागते. तसेच येथेही आहे, आणि ज्या शहरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, तेथील माणसाला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण पडू नये. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे; पण सूज वाढली किंवा वेदना त्याहून अधिक टिकली, तर उपचारकाला कळवावे, आणि शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखू लागली, तर वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ साली या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले, त्यामागे पोलिओने पंगू झालेल्या मुलांचा प्रश्न होता. अशा सर्वच रुग्णांना पूर्ववत चालता येणे शक्य नसते. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेचे कार्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चाकाच्या खुर्चीवरून स्वतःच्या बळावर पलंगावर सरकता येणे ही केवढी मोठी प्राप्ती असते, हे ठाऊक आहे. यास्तव आपल्या उपचाराचे उद्दिष्ट कोणते, हे रुग्णाने पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

जाताना क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेचे कागद व चालू औषधांची यादी न्यावी, कपडे सैल असावेत. आणि वाचकांना एक आग्रहाची विनंती : दुखणे थांबले म्हणून व्यायामात हयगय करू नका, स्नायूंना बळ येण्यास काही आठवडे लागतातच, तेवढी मुदत त्यांना द्या.