कायद्याच्या इंग्रजीतले सर्वनाम

जबलपूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार तिथल्या निकालांची भाषा मुख्यतः इंग्रजी. म्हणून मराठी घरातून आलेल्या वकिलालाही इंग्रजी सर्वनामे नेमकी वापरावी लागतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८ प्रमाणे ‘ही’ (he) या इंग्रजी सर्वनामात पुरुष आणि स्त्री दोघेही येत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्यात तृतीयपंथी व्यक्तींनाही स्पष्ट स्थान दिले. भर एका शब्दाची, पण मोलाची!

मात्र कायद्यातली व्यापक व्याख्या एखाद्या माणसाबद्दल लिहिताना पुरत नाही. याचिका बाईची असेल, तर ‘शी’ लिहायला हवे. संदिग्धता असेल, तिथे ‘द पिटिशनर’ पुन्हा लिहिणे उत्तम.