आपलाच हात, आपलेच चित्रण

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातास पुन्हा वळण लावण्यासाठी रुग्णाने आपल्याच धडधाकट हाताचे चित्रण, डाव्या-उजव्याची अदलाबदल करून, एकाग्रतेने पाहावे आणि लगोलग तीच क्रिया दुबळ्या हाताने करून बघावी, हा उपचार वरकरणी पोरखेळ भासला (घरच्या वडीलधाऱ्यांना तो भासतोच!) तरी, दुसऱ्याची कृती नुसती पाहतानाही उद्दीपित होणाऱ्या, इटलीतील पार्मा येथे माकडांच्या मेंदूत आढळलेल्या आरसा-चेतापेशींचा दाखला त्याच्या पुष्ट्यर्थ दिला जातो. नऊ रुग्णांवर केलेला साध्या आरशाचा तत्सम प्रयोग मेंदूविज्ञानी डॉ. विलयनूर रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रणाच्या उपचारास भौतिकोपचाराच्या पदवीधराच्या देखरेखीखाली मोबाइलवरील चित्रणही पुरते.