टीव्ही एकदाच, वीजबिल दर महिन्याला

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघणारा मदतीचा अर्ज बहुधा पाच-सहा ओळींचा असतो. वर 'प्रति', त्याखाली कंपनीचं किंवा लोकप्रतिनिधीचं नाव, विषय 'शाळेस संगणक मिळणेबाबत', आणि मजकुरात 'आमची शाळा ग्रामीण भागात असून पालकांची परिस्थिती हलाखीची आहे, तरी सहकार्य करावे ही नम्र विनंती'. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. निवृत्त झाल्यापासून मी आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांबरोबर असे अर्ज नव्यानं लिहायला बसते. त्यांतलं प्रत्येक वाक्य खरं असतं. तरी त्यावर कुणाला पैसे देता येत नाहीत. पट किती, खोली कशी आहे, त्या संगणकावर कुठली मुलं काय शिकणार आणि पुढच्या वर्षी तो चालू ठेवायचा खर्च कोण करणार, यातलं काहीच त्यात नसतं.

शाळेसाठी निधी मिळवायचा म्हणजे दाता गाठायचा, असं आपण धरून चालतो. मी पाहिलेल्या कामात दाता गाठणं हा शेवटचा आणि लहानसा टप्पा होता. खरं काम शाळेच्या चार भिंतींत आणि तिच्या कागदपत्रांत होतं.

एका दोनशिक्षकी शाळेचं सांगते. वर्ग पहिली ते चौथी. तिथल्या सरांना मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल हवा होता, कारण शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळागटातल्या, एका शाळेला तो मिळाला होता. आम्ही पॅनल बाजूला ठेवला आणि त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक समोर घेतलं. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, दोन्ही त्यांच्याकडे. अडचण नेमकी कधी येते, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मी दुसरीचं वाचन घेतो तेव्हा पहिली नुसती बसून राहते. आणि पहिलीला अक्षरं गिरवायला बसवलं की दुसरीचं लक्ष उडतं." हे वाक्य अर्जात कुठंच नव्हतं. शाळेची गरज मात्र तीच होती. एका गटाला सर शिकवत असताना दुसऱ्या गटाला अर्धा तास स्वतःचं स्वतः ऐकता, पाहता, करता यावं, ही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यानं उलट दोन्ही वर्ग एकदम त्याच्याकडे बघत बसले असते. चार टॅब, चार हेडफोन आणि इंटरनेटविना चालणारं साहित्य एवढ्यावर काम भागत होतं. मागणीची रक्कमही बरीच खाली आली.

मग खोली पाहिली. प्लगचं एकच ठिकाण, तेही दाराच्या मागं. अर्थिंग नाही. पत्र्याच्या छपराचा एक कोपरा पावसाळ्यात गळतो, आणि कपाट नेमकं त्याच कोपऱ्यात. शाळेला कुंपण आहे, फाटकाला कुलूप नाही. हे सगळं आम्ही यादीत उतरवलं: अर्थिंग आणि वायरिंग, टॅब एकत्र चार्ज होतील अशी कुलपाची लोखंडी पेटी, कपाटाची जागा बदलणं. टॅबची किंमत यादीत तिसऱ्या ओळीवर गेली. प्रस्ताव वाचणाऱ्याला इथंच कळतं की या माणसांनी वस्तू आल्यानंतरच्या सोमवारचा विचार केला आहे.

परितेवाडीचं उदाहरण शिक्षकांच्या बैठकांत हमखास निघतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली ही जिल्हा परिषद शाळा. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांबरोबर वाटून घेतली. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो आकडा. मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. छापील पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणायची त्यांची कल्पना पुस्तक आणि फोन या हाताशी असलेल्या दोन वस्तूंवर उभी होती. पाठ आधी ठरला होता, साधन त्याच्या मागून आलं.

पैसे असतात कुठं, हा पुढचा प्रश्न. जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीची वेळ वेगळी आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा लागतो. उरलेल्यात खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती, वीज, इंटरनेट असं सगळं बसवायचं. लहान शाळेला या रकमेतून नवीन साधन घेणं जमत नाही. ती हिशेबात धरायची ती घेतलेलं साधन जगवण्यासाठी.

दुसरी जागा गावातच आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, तर ४० टक्के अबंधित. अशा अबंधित निधीतून शाळेचं काम घेता येतं, मात्र ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी नोंदलेलं असावं लागतं. आराखड्याच्या ग्रामसभेला शाळेतलं कुणी हजर नसेल तर गटार आणि पेव्हर ब्लॉक पुढं जातात, शाळा मागं राहते. २ ऑक्टोबरला प्रभातफेरी काढून शिक्षक घरी गेले आणि दुपारच्या ग्रामसभेत शाळेचा विषयच निघाला नाही, असं अनेक गावांत घडतं. म्हणून मी शिक्षकांना सांगते, ग्रामसभेला शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना पुढं बसवा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. आपल्या लेकराच्या वर्गात बटण दाबलं तर दिवा लागत नाही, हे आईनं उभं राहून सांगितलं की सरपंचांना उत्तर द्यावंच लागतं.

तिसरी जागा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीएसआरची. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ असं सांगतं की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे. वर्षाची आखणी एप्रिल-मेच्या सुमारास होते आणि हिशेब मार्चला मिटतो. शाळा मात्र सुट्टी संपवून जूनमध्ये उघडते, प्रवेश आणि पुस्तकवाटपातून मोकळी होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि अर्ज डिसेंबरात जातो. तोवर निधी वाटून झालेला असतो. प्रस्ताव मार्चमध्येच लिहून तयार ठेवणारे शिक्षक या शर्यतीत पुढं असतात. शिवाय केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेला स्वतःची गरज नोंदवता येते. तिथंही 'संगणक' एवढाच शब्द टाकलेली शाळा आणि 'पहिलीच्या अकरा मुलांसाठी, रोज अर्धा तास' असं लिहिणारी शाळा यांत फरक पडतो.

यानंतर कागद. शिक्षकांचा जीव इथं मेटाकुटीला येतो, आणि ज्यांनी हे एकदा नीट लावून घेतलं त्यांचं पुढचं प्रत्येक काम सोपं होतं. यूडायसचा, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा अकरा अंकी क्रमांक, पटाचा दाखला, शाळा विकास आराखडा, व्यवस्थापन समितीचा ठराव. ठरावात सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत, आणि साधनाची देखभाल कोण करील हेही त्यातच लिहून घ्यावं. मग तीन दरपत्रकं. वस्तू आल्यावर साठा नोंदवहीत नोंद, खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. देणगीदाराला नुसत्या फोटोची घाई असते, तरी शिक्षकानं नोंद आधी करावी. बदली झाली की नवीन शिक्षकाला या वस्तू कुठून आल्या आणि कुणाच्या, हे त्याच वहीतून कळतं.

एका शाळेत कपाट उघडल्यावर जुने संगणक दिसले. मॉनिटर खोक्यांसारखे, वर धूळ, कळफलकाच्या फटींत उंदरांनी कुरतडलेले कागद. कुठल्याशा योजनेत आलेले, बंद पडून वर्षं झालेली. टाकता येत नव्हते, कारण निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू दप्तरातून रीतसर कमी करणं, झालेलं नव्हतं. निर्लेखनाचा प्रस्ताव गेला नव्हता, कारण ज्या शिक्षकांच्या काळात ते आले त्यांची बदली झाली होती. दप्तरात शाळेकडे पाच संगणक होते, म्हणून नवीन मागणीला 'साधन उपलब्ध' असा शेरा पडत होता. त्या शाळेला निधी मिळवून देण्याची पहिली पायरी होती निर्लेखनाचा अर्ज. वरून अगदी रूक्ष वाटणारं हे काम, पण त्यावाचून पुढचं दार उघडत नव्हतं.

हे बंद संगणक पाहिले की मला सरकारच्याच योजनांमधले आकडे आठवतात. समग्र शिक्षा अभियानात संगणक प्रयोगशाळेसाठी एकरकमी ६.४० लाखांपर्यंत आणि चालवण्यासाठी पाच वर्षं दरसाल २.४० लाखांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे पाच वर्षांत चालवण्याचा खर्च १२ लाख, खरेदीच्या जवळजवळ दुप्पट. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांचं अनुदान मिळतं, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख चालवण्यासाठी. दिल्लीत बसून आकडे मांडणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं की यंत्र चालवायला ते घेण्याइतका किंवा त्याहून जास्त खर्च येतो. पण या दोन्ही सोयी सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आहेत. पहिली ते चौथीच्या वाडीवरच्या शाळेला जो टीव्ही किंवा टॅब मिळतो तो लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा कंपनीकडून, आणि तो एकटाच येतो. त्याच्याबरोबर वीजबिल, दुरुस्ती, बॅटरी यांचा पैसा येत नाही. बिल थकलं की मीटर कापला जातो, आणि फीत कापून सुरू झालेला डिजिटल वर्ग पुन्हा खडू-फळ्यावर येतो. कित्येक शिक्षक हे बिल स्वतःच्या पगारातून भरतात आणि कुणाला सांगत नाहीत.

म्हणून आता आमच्या प्रत्येक प्रस्तावात पाच वर्षांचा तक्ता असतो. पहिल्या स्तंभात खरेदी, पुढच्या पाचांत वीज, दुरुस्ती, बॅटरी बदल, शिक्षकांचं प्रशिक्षण. प्रत्येक रकमेसमोर ती कोण देणार ते लिहिलेलं: ग्रामपंचायत, संयुक्त अनुदान, पालकांची वर्गणी, देणगीदार. एखादा चौकोन रिकामा राहिला तर तेवढ्या प्रमाणात मागणी कमी करायची. चार टॅब पाच वर्षं चालणार नसतील तर दोनच मागायचे. दाते या तक्त्याला बिचकत नाहीत. आजवर ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी सगळ्यात आधी तेच पान उघडलं.

तरीही एक अन्याय या तक्त्यानं मिटत नाही. कंपनी कायदा निधी खर्च करताना कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळं चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांजवळच्या शाळांना दार ठोठावता येतं. धडगाव, मेळघाट, भामरागडच्या शाळेनं कुणाचं दार ठोठावायचं? तिच्या आसपास कारखाना नाही. त्यात पट वीसच्या आत असेल तर लाभार्थ्यांच्या रकान्यात तो आकडा केविलवाणा दिसतो. जिथली मुलं शाळा सोडून बाकी कुठं पडदा बघू शकत नाहीत, तिथंच तो पोचत नाही.

यावर दोन उपाय हाताशी आहेत. पहिला शिक्षकांच्या हातचा. केंद्रातल्या पाच-सहा लहान शाळांनी मिळून एकच प्रस्ताव करावा. दरमहा शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक एकत्र येतातच, तिथं एक तास यासाठी ठेवावा. पट एकत्र होतो, दुरुस्ती करणारा माणूस सगळ्यांसाठी एकच ठरवता येतो, आणि एका शाळेचा टॅब बिघडला तर दुसरीकडचा उसना मिळतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची छोटी शाळा डिजिटल झाली तेव्हा राज्यभरातले शिक्षक ती पाहायला गेले आणि परत येऊन आपापल्या गावांत कामाला लागले. एका शाळेचं काम दुसरीपर्यंत पोचायला शिक्षकांना वरून आदेश लागत नाही, ही ताकद आपल्याकडे आहे.

दुसरा उपाय शासनानं करायचा आहे. वर लिहिलेलं सगळं, वेळापत्रक तपासणं, वायरिंगची यादी, ठराव, दरपत्रकं, पाच वर्षांचा तक्ता, निर्लेखन, हे शिकवण्याच्या वेळेतून किंवा शिक्षकाच्या झोपेतून कापून होतं. ज्या शाळेत हौशी शिक्षक आहे तिला मिळतं, आणि त्याची बदली झाली की ती शाळा मागं पडते. मुलाच्या वाट्याला काय येतं हे त्याच्या शिक्षकाच्या अर्ज लिहिण्याच्या कसबावर ठरू नये. प्रत्येक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एक साधनव्यक्ती फक्त या कामासाठी नेमावी. तिनं सगळ्या शाळांच्या गरजा गोळा कराव्यात, कुठल्या निधीची मुदत कधी ते सांगावं आणि प्रस्ताव लिहायला बरोबर बसावं. पहिली ते चौथीच्या शाळांनाही साधनांच्या बरोबरीनं ती चालवण्याचा दरवर्षीचा खर्च अंदाजपत्रकातून मिळावा. गावं वर्गणी देत आली आहेत, पुढंही देतील. त्यांनी विकत घेऊन दिलेलं साधन चालू ठेवण्याची जबाबदारी सरकारनं उचलावी.