खोकल्याची किंमत

खोकला झाला की आपण हळद-दूध घेतो, मध चाटतो. तो जावा म्हणून. आमच्या दोन घरांत मात्र खोकला यावा म्हणून धडपड चालते. एक घर ओहायोतलं आमचं, दुसरं कराडला ताईचं. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, तिचा सोळा. दोघांनाही 'ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी' आहे. आईकडून आम्हा दोघी बहिणींकडे आलेला एकच सदोष जनुक पुढे मुलांपर्यंत पोहोचला.

या आजारात स्नायू हळूहळू क्षीण होतात. चालणं थांबतं, व्हीलचेअर येते, ते सगळ्यांना दिसतं. खोकण्याचे स्नायूही दुबळे होतात, ते चटकन कळत नाही. कफ आतच साचतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. खोकल्याचा जोर मोजता येतो. या वयात तो मिनिटाला 270 लिटरच्या खाली गेला की मदत लागते. 160 च्या खाली कफ बाहेर पडणं फार अवघड.

माझ्या मुलाचा आकडा 190 वर आला, तेव्हा डॉक्टरांनी 'कफ असिस्ट' यंत्र लिहून दिलं. ते मास्कमधून छातीत हवा भरतं आणि लगेच झटक्यात ओढून घेतं. विमा कंपनीने आधी 'गरज नाही' म्हणून अर्ज फेटाळला. तपासणीचे आकडे जोडून अपील केलं, दोन महिन्यांनी मंजुरी आली. तीही तेरा महिन्यांच्या भाड्यावर. महिना साधारण साडेचारशे डॉलर, त्यातले वीस टक्के आमचे. शिवाय वर्षाचे पहिले तीन हजार डॉलर आमच्याच खिशातून. चटका बसला, पण झेपलं.

ताईला मात्र पुण्यात तशाच यंत्राची किंमत साडेचार लाख सांगितली. विमा नाही, भावजींचं दुकान छोटं. गेल्या पावसाळ्यात भाचा अकरा दिवस आयसीयूत होता. बिल भरताना ताई एवढंच म्हणाली, "अगं, यात निम्मं यंत्र आलं असतं."

मला अपराधी वाटत होतं. इथे छातीला हादरे देणारं जाकीटही मिळतं, तेच पाठवावं असं मनात आलं. आमच्या थेरपिस्ट बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, जाकीट कफ सैल करतं, पण खोकायची ताकद देत नाही. ताकदच नसेल तर सुटलेला कफ काढणार कोण? आधी पिशवी शिकवा.

पिशवी म्हणजे अँब्यू बॅग. पुण्याच्या फिजिओथेरपिस्टने ताईला दीड हजाराची आणून दिली, सोबत हवा परत जाऊ न देणारी झडप. मास्क लावायचा, दोन-तीन वेळा पिशवी दाबून श्वासावर श्वास साठवायचा, मग मुलगा खोकतो त्याच क्षणी पोटावर हाताने दाब द्यायचा. जेवणानंतर लगेच नाही. आणि शिकल्याशिवाय तर मुळीच नाही, चुकीच्या दाबाने इजा होऊ शकते. भाच्याचा आकडा एकट्याने 150 होता, पिशवी आणि ताईच्या हातांनी 220 झाला. पिशवीला वीजही लागत नाही.

पण हे स्वस्त आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, सर्दी झाली तर रात्रीतून चार वेळा. ताईने शिकवण्या सोडल्या. तो हिशोब कुठल्याच बिलात नाही. ताई आजारी पडली तर पोटावर दाब कोण देणार, म्हणून आता भावजीही शिकलेत. आणि छाती फार भरली की हातांनी भागत नाही, तेव्हा यंत्रच लागतं. त्यासाठी पुण्यात ते भाड्याने मिळतं का याची चौकशी केली. आम्ही परदेशातली भावंडं दर महिन्याला थोडे पैसे त्या खात्यात टाकतो.

तुमच्याही नात्यात असा कुणी असेल, तर पैसे पाठवण्याआधी फोन करून विचारा: खोकल्याचा आकडा मोजलाय का? पिशवी वापरायला कुणी शिकवलंय का? घरात किती जणांना येतं? यंत्राचं त्यानंतर बघता येईल. पण न्यूमोनियाची वाट बघू नका.

त्यांचे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेनऊ. दोन्ही मुलं व्हिडिओवर समोरासमोर येतात. इकडे यंत्र, तिकडे पिशवी. कुणाचा खोकला मोठा, यावर पैज लागते. काल भाचा जिंकला. ताईने वाटी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. दुसऱ्या कुणाला किळस आली असती. मी टाळ्या वाजवल्या.