वाऱ्याच्या वेळापत्रकाने चौलला

१४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी आपल्या कोकणात, चौल बंदरात उतरला. सोबत काय आणलं होतं त्याने? चक्क घोडा! होर्मुझहून कित्येक आठवडे शिडाच्या जहाजातून हलत-डुलत आलेला घोडा. पुढे जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला, मग परतही दिला. चौलला लागून असलेल्या रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे, नक्की बघा.

आपणही शिडाच्या यॉटमधून मुंबईहून चौलला जाऊया का? हिवाळ्यातला दिवस निवडू. मात्र उठायचं पहाटे, अंधार असतानाच! कारण आपलं इंजिन म्हणजे वारा, आणि किनाऱ्यावरचा वारा रोज ठरल्या वेळी दिशा बदलतो.

रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र मात्र उबदार राहतो. त्यामुळे जमिनीवरची गार, जड हवा समुद्राकडे वाहते. हेच मतलई वारे. शीड उभारलं की ते डाव्या बाजूने भरतं आणि नौका दक्षिणेकडे सरसर निघते. थळजवळची खांदेरी-उंदेरी बेटं मागे पडतात.

मग ऊन चढतं, वारा पडतो आणि शीड लुळं होतं. घाबरू नका! जमीन आता झपाट्याने तापतेय. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा धावत येते. आले खारे वारे! इथे ते बहुधा वायव्येकडून येतात, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या आपल्याला पाठीमागून तिरपे. याहून छान काय हवं? अलिबागचा कुलाबा किल्ला बघता बघता मागे जातो.

आता कुंडलिका नदीचं मुख आलं. उजवीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, डावीकडे रेवदंडा. जुनी बंदरं अशी खाडीच्या तोंडाशी का वसली, ते इथे कळतं. बाहेर लाटा आपटतात, आत पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे, आणि वेळ जुळली तर भरतीही, जहाजाला आत आणतात. पहाटे मतलई वारे, आणि वेळ जुळली तर ओहोटीही, त्याला बाहेर काढतात. इंजिन नसलेल्या काळात यापेक्षा मोठी सोय नव्हती! म्हणून तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांनाही चौल ठाऊक होतं.

पुढे खाडीत गाळ साचला, मोठी जहाजं येईनाशी झाली. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या डोलतात.

मला सगळ्यात नवल वाटतं ते कोर्लईचं. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, तरी गावातल्या काही घरांत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली अजून बोलली जाते. तिथे गेलात, तर एखाद्या आजीला चार वाक्यं बोलून दाखवायला सांगा. काही शब्द ओळखीचे वाटतील!