दोन घरांची एक भिंत

रोह्याच्या जुन्या बाजारपेठेत भर पावसात एकदा उभं राहावं आणि पाणी कुठे पडतं ते पाहावं. जी कौलारू घरं अजून उरली आहेत, त्यांचं एक पाखं रस्त्याकडे उतरतं, दुसरं परसाकडे. शेजाऱ्याच्या अंगावर पागोळी जात नाही. घराला घर चिकटलेलं, मधे एकच भिंत, तरी वळचणीवरून भांडण नाही.

इंग्लंडात अशा सलग घरांचं फार कौतुक होतं. बाथ शहरातल्या ‘रॉयल क्रेसेंट’ची ३० घरं १७६७ ते १७७४ या काळात चंद्रकोरीच्या आकारात उभी राहिली. समोरून पाहिलं तर एकच राजवाडा वाटावा! वास्तुकार धाकट्या जॉन वुडने दर्शनी बाजू आखून दिली. मागचा भाग ज्याने त्याने सोयीप्रमाणे बांधला. लंडनमध्ये १७७४च्या इमारत कायद्याने घरांच्या श्रेणी ठरवल्या आणि सामाईक भिंतीची जाडीही. १६६६च्या आगीत शहर जळालं होतं. भिंत हवी होती ती आग अडवायला.

आपल्याकडे शत्रू पाऊस. कोकणात झड लागली की उघडी भिंत भिजून फुगते. घरं खांद्याला खांदा लावून उभी असली की दोन बाजू आपोआप झाकल्या जातात. उरतात फक्त पुढची नि मागची, आणि तिथे ओटी-पडवी छपराखाली पुढे येतात. मला तर कोकणी आळीचं खरं शहाणपण इथेच दिसतं.

घराचं माप खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि तुळईचं लाकूड पेलेल तेवढंच ते अंतर. म्हणून घर रुंदीला आखूड, खोलीला लांब: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परसू, विहीर. लंडनच्या घरालाही लाकडी तुळयांच्या लांबीची अशीच मर्यादा होती. त्यात रोहे पडलं बंदराचं गाव. भरतीबरोबर कुंडलिकेतून होड्या वर येत. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून याच वाटेने रोह्याजवळच्या अष्टमीला उतरला आणि पुढे रायगडाकडे गेला. अशा गावात रस्त्यालगतची हातभर जागाही मोलाची. तोंड अरुंद ठेवायचं आणि मागे लांब जायचं, हे व्यापाऱ्यालाही परवडणारं.

रोहे म्हटलं की चिंतामणराव देशमुख आठवतात, १९२० साली इथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले आठवतात. ही घरं मात्र मोजून ठेवावीत असं कुणाला वाटत नाही, याचं वाईट वाटतं.

रांगेतलं मधलं एक घर पाडलं की शेजारच्या दोन्ही घरांना धोका होतो. त्यांच्या तुळयांची टोकं त्याच सामाईक भिंतीत टेकलेली असतात, आणि मातीत रचलेली ती भिंत पहिल्यांदाच पावसात उघडी पडते. नव्या इमारतीचा स्लॅब उंच गेला, की त्याचं पाणी शेजारच्या कौलांवर कोसळतं. पुढे वासे कुजू लागतात.

नवं घर कुणी बांधू नये, असं नाही. पण पेण-रोह्यात ज्यांची अशी घरं आहेत, त्यांना एवढीच विनंती: पाडण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, भिंतीत कुणाची तुळई आहे ते दोघांनी मिळून पाहा, आणि खण मोजून एका कागदावर घराचा आराखडा काढून ठेवा. हे काम पावसाळ्याआधी करा.